कोणाला द्यायला, की स्वतःसाठी?

“कोनले देवाले शे, का सोतासाठे?” जळगावातल्या जुन्या कपड्यांच्या एका अरुंद दुकानात आम्ही शिरलो, तेव्हा दुकानदाराने माझ्या भाचीला पहिला प्रश्न विचारला तो हा. त्यात टोमणा नव्हता. गिऱ्हाइकाला कोणत्या बाजूच्या मांडणीकडे न्यायचे, एवढेच त्याला ठरवायचे होते. वाटण्यासाठी घेणारे लोक गठ्ठ्याने घेतात, माप पाहत नाहीत आणि फारशी घासाघीसही करत नाहीत. स्वतःसाठी घेणारा माणूस मात्र एका सैल बटणावरून अर्धा तास हुज्जत घालतो, असे त्याने नंतर आपणहून सांगितले. भाचीने क्षणभरही न थांबता “माझ्यासाठी. ब्लेझर दाखवा, काळा किंवा गडद निळा,” असे उत्तर दिले आणि ती आत गेली. मी पायरीवरच उभी राहिले. माझे लक्ष दुकानाकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त होते. ओळखीचे कोणी जात तर नाही ना, हे मी पाहत होते. जो प्रश्न तिला विचारला गेला त्याचे तिला काहीच वाटले नाही, आणि मला कोणी काही विचारले नव्हते तरी माझेच कान गरम झाले, याचा उलगडा करण्यात माझे पुढचे बरेच दिवस गेले.

त्या दिवशी सकाळपासून मी तिच्याबरोबर जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात हिंडत होते. ती रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. “मावशी, तू नुसती फोनवर चौकशी करतेस, एकदा येऊन बघ,” असा तिचा कधीपासूनचा लकडा होता. डिसेंबर महिना होता. खान्देशातली थंडी बाहेरच्या लोकांना खरी वाटत नाही, कारण आमच्या मुलखाचे नाव काढले की सगळ्यांना पंचेचाळीस अंशांचा मे महिनाच आठवतो; पण हिवाळ्यातल्या काही पहाटे इथेही पारा दहाच्या खाली उतरतो, केळीच्या बागांना थंडीचा चरका बसतो, आणि सातपुड्याकडून येणारा वारा गिरणेच्या उघड्या पात्रावरून सरळ अंगात शिरतो. धुळ्याकडून आलेल्या एसटीतून मी महामार्गावर उतरले, तेव्हा ऊन अजून कोवळे होते. भाची फाटकाशी उभी होती आणि तिच्या अंगात एक पुरुषी मापाचे, कोपरांवर विटलेले जाकीट होते. ते कोणाचे, हे मी त्या वेळी विचारले नाही.

हा परिसर मला अगदीच अनोळखी नव्हता, पण माझी ओळख होती ती एसटीच्या खिडकीतली. १५ ऑगस्ट १९९० रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी आमच्या भागातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. मी अमळनेरला शिकले. माझ्या पदवीवर पुण्याचे नाव आहे आणि ती पदवी टपालाने घरी आली. नंतरच्या काळात धुळ्याहून जळगावला येता-जाता डाव्या-उजव्या बाजूला मुरमाचा तपकिरी उतार, त्यावर खुरटे गवत, आणि दूर कुठेतरी एखादी नवी पांढरी इमारत दिसत असे. प्रवाशांपैकी कोणीतरी “आपले विद्यापीठ” म्हणून बोट दाखवी आणि दुसरा कोणीतरी “या माळावर कोण येणार शिकायला,” असे म्हणे. आज त्या साडेसहाशे एकरांच्या आसपास पसरलेल्या जमिनीवर कडुनिंब आणि करंज इतके वाढले आहेत की एका इमारतीवरून दुसरी दिसत नाही. मुरमाला पाणी धरायला लावणे सोपे नसते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मी इमारतींपेक्षा झाडांच्या बुंध्यांकडेच जास्त वेळ पाहत होते.

इथल्या विभागांना ‘प्रशाळा’ म्हणतात, आणि एका प्रशाळेपासून दुसरीपर्यंत चांगलेच चालावे लागते. माझ्या मते हे अंतर हीच या विद्यापीठाची चांगली गोष्ट आहे; शहरातल्या महाविद्यालयात मुले जिन्यात भेटतात, इथे ती रस्त्यावर भेटतात आणि बोलत बोलत सोबत चालतात. त्या बोलण्यात मला एकाच पाचशे पावलांत अहिराणी, लेवा बोली, पावरी आणि मराठी वर्तमानपत्राची भाषा असे सगळे ऐकू आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीनही जिल्ह्यांची मुले इथे येतात. चोपड्याच्या, रावेरच्या केळीवाल्यांची मुले असतात आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेलीही असतात. त्यांच्यातला आर्थिक फरक तोंडाला स्कार्फ गुंडाळून चालणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावर दिसत नाही, पायातल्या चपलांवर दिसतो. मी पायांकडे पाहते आहे हे भाचीच्या लक्षात आले असावे, कारण तिने मला पुढे काढत प्रयोगशाळेकडे नेले.

प्रयोगशाळेच्या दाराशी खुंट्यांवर ऍप्रन ओळीने टांगलेले होते. नावाला ते पांढरे होते. कोणावर सिल्व्हर नायट्रेटचे काळे ठिपके, कोणाच्या पोटावर आम्लाने पाडलेली बारीक भोके, कोणाच्या बाहीची कड करपलेली. भाचीच्या ऍप्रनच्या खिशावर लाल दोऱ्याने भलत्याच आडनावाची अक्षरे भरलेली होती. “सीनियरचा आहे,” ती म्हणाली, “पास होऊन गेली, शंभर रुपयांत देऊन गेली. पुढच्या वर्षी मी खालच्या वर्गातल्या पोरीला देईन.” तिच्या खोलीत गेलो तर तिथेही तेच. टेबलावरच्या जाड पुस्तकाच्या पहिल्या पानावर तीन नावे लिहिलेली, त्यांपैकी दोन खोडलेली, तिसरे तिचे. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाला मागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आणि तिच्यावर वीस-पंचवीस वर्षांचे शिक्के. आणि ते कोपरांवर विटलेले जाकीट? तेही एका मुलाकडून आले होते; त्याच्या भावाने नवे पाठवले म्हणून त्याने ते विकले होते.

वापरलेल्या पुस्तकाची लाज मला कधी वाटली नव्हती, हे तिथेच खोलीत बसल्या बसल्या आठवले. आमच्या काळी उन्हाळ्याच्या सुटीत वरच्या वर्गातल्या मुलींकडे खेटे घालावे लागत. निम्म्या किमतीत पुस्तकांचा संच मिळे. फाटका असेल तर पाव किमतीत. घरी आणले की खाकी कागदाचे कव्हर आणि गव्हाच्या पिठाची खळ. आधीच्या मुलीने समासात लिहिलेली उत्तरे हा तर वरचा नफा असे. कोणाच्या हातचे पुस्तक आहे हे आम्ही अभिमानाने सांगत असू, विशेषतः ती मुलगी हुशार असेल तर. मग कपड्याच्या बाबतीत माझे पाऊल पायरीवर का अडखळावे? त्वचेला लागते म्हणून, असे एक उत्तर तयार असते. पण ते मला पुरले नाही, कारण माझ्या घरात सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आहे आणि या हिवाळ्यातही आम्ही तिच्यासाठी भांडतो.

शिवाय माझ्या पदवीचा फोटो आहे. दिवाणखान्यात नाही, पण अल्बममध्ये आहे. पुण्याला समारंभासाठी जाणे घरच्यांना परवडणारे नव्हते, म्हणून वडिलांनी मला अमळनेरच्या फोटो स्टुडिओत नेले. त्या काळी गावोगावच्या स्टुडिओत एक काळा झगा, एक चौकोनी टोपी आणि लाल फितीने बांधलेली कागदाची गुंडाळी ठेवलेली असे. गावातले सगळे पदवीधर त्याच झग्यात उभे राहिले. कितीक माणसांचा घाम त्या कापडात जिरला असेल, आणि तरीही तो अंगावर चढवताना माझी मान ताठ झाली होती. आमच्याकडच्या लग्नांत आता नवरदेवाची शेरवानी सर्रास भाड्याने आणतात आणि तिच्या आधीच्या नवरदेवांची चौकशी कोणी करत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा ही अडचण नाही. अडचण दुसरीकडे आहे.

ती सापडायला मला आमच्या गावच्या घराच्या ओट्यापर्यंत मागे जावे लागले.

वडिलांना सगळे अण्णा म्हणत. आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर सालदार असे. त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपे आणि आखाजीलाच नवे ठरे. धान्य, पैसे यांच्या बोलीबरोबर कपड्यांचीही बोली असे, पण त्याखेरीज अण्णांचे जुने सदरे, विटलेला कोट, टाच झिजलेले जोडे असे वरकड त्याच्याकडे जात. देताना आई ते धुऊन, घडी घालून देई. तिच्या मनात अपमानाचा लवलेशही नव्हता. पण तो कोट घालून सालदार गल्लीतून गेला की लहान मुलेदेखील “अण्णांचा कोट चालला” असे म्हणत. तो माणूस आमच्याकडून जाऊन दुसऱ्याच्या शेतावर राहिला, तरीही तो कोट अण्णांचाच होता. तो फाटेपर्यंत, आणि फाटल्यावर त्याच्या बायकोने त्याचे पायपुसणे केले तेव्हासुद्धा, असे मला वाटते. दिलेल्या कपड्यावर देणाऱ्याचे नाव राहते आणि घेणाऱ्याला ते अंगावर वागवावे लागते. आमचे घर नेहमी देणाऱ्यांच्या बाजूला होते. घेणाऱ्यांच्या पायरीवर चढण्याची वेळ आली, म्हणून माझे पाय जड झाले.

दुपारी शहरात आलो तेव्हा भाचीचे काम ठरलेले होते. पुढच्या आठवड्यात एक औषध कंपनी मुलाखती घेणार होती आणि मुलींनीही ब्लेझर घालून यावे असे सूचनेत होते. नवा ब्लेझर मी घेऊन देते, असे मी वाटेत भरीत-पुरी खाताना एकदा आणि रिक्षात एकदा म्हटले. “एका दिवसासाठी तीन हजार?” एवढेच ती म्हणाली. तिच्या मैत्रिणी अशा खरेदीला ‘थ्रिफ्ट’ म्हणतात, मोबाइलवर तिचे व्हिडिओही पाहतात. त्यामुळे तिच्या पिढीत ही गोष्ट काहीशी हौसेची झाली आहे, हे मला मान्य आहे. पण त्या दुकानात हौसेने आलेले गिऱ्हाईक मला दिसले नाही. एक रिक्षावाला स्वेटर पाहत होता. एक बाई दोन मुलांच्या मापाच्या शाळेच्या पँटी काचेच्या दाराजवळ उजेडात धरून शिवणी तपासत होती.

दुकानाला पाटी नव्हती. छतापर्यंत लोखंडी नळ्या, त्यांवर हँगर, आणि खाली फळ्यांवर घड्या. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि इस्त्रीखाली वाफ धरलेल्या लोकरीचा वास एकत्र येऊन घशाशी बसत होता. आतल्या बाजूला दुकानदाराची बायको शिलाई यंत्रावर चेन बदलत होती. तिच्या हाताशी बटणांचे डबे रंगवार लावलेले होते. “मावशी, आत या ना, पायरीवर काय उभ्या राहतात,” असे तिने बोलावले म्हणून मी आत गेले आणि तिच्याजवळच्या स्टुलावर बसले. इथला माल कुठून येतो, हे मी तिलाच विचारले. काही भांडेवाल्या बायकांकडून, काही गठ्ठ्याने बाहेरून, असे तिने सांगितले. मग मला भांडेवालीशी घातलेले सगळे वाद आठवले. दुपारी डोक्यावर पाटी घेऊन ती ओट्याशी बसे. पँटीला ती सगळ्यात जास्त भाव देई, जरीच्या साडीची जर नखाने खरवडून पाही, सदऱ्याची कॉलर उलटी करून नाक मुरडी. एका कढईसाठी ती अजून एक पँट मागे आणि आई देत नसे. पाटी घेऊन ती गल्लीच्या टोकाशी वळली की आमच्यापुरते ते कपडे संपत. ते पुढे कोणाच्या तरी अंगावर जातात, त्यासाठी कोणीतरी ते धुतो, रफू करतो, इस्त्री करतो, हे मला कळत नव्हते असे नाही, पण त्याचा विचार करण्याची गरज पडली नव्हती. दिल्लीत रघुबीर नगरला अशा फेरीवाल्यांनी जमवलेल्या कपड्यांचा बाजार उजाडण्यापूर्वी भरतो. परदेशातून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांचे मोठे ठिकाण पानिपत. तिथे त्यांची रंगवार निवड होते, बटणे आणि चेन काढल्या जातात, कापडाच्या चिंध्या करून पुन्हा सूत काढले जाते आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. आपल्याकडे पूर-भूकंपानंतर वाटली जाणारी करड्या रंगाची ब्लँकेटे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना ते सूत ठाऊक आहे.

तोवर भाचीने एक गडद निळा ब्लेझर निवडला होता. आतल्या चिठ्ठीवरची लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. दुकानदार तो कोरियाचा म्हणत होता. तिने आधी कॉलर नाकाशी नेली, मग काखेतले अस्तर उलटे केले, मग शिवण ताणून पाहिली. हे सगळे ती कुठे शिकली कोण जाणे. भांडेवालीचीच पद्धत होती.

“ताई, खिसा बघा,” दुकानदार म्हणाला, “कंपनीची शिलाईसुद्धा उसवलेली नाही. ज्याने घेतला त्याने घातलाच नाही. साडेचारशे.”

“काखेत अस्तर उसवलंय, दादा. अडीचशे.”

“ते आमची बाई आत्ता टाके घालून देते.”

“बाह्या पण लांब आहेत.”

तीनशे वीस रुपयांत, अस्तर आणि बाह्या धरून, सौदा मिटला. मध्ये एकदा ती ब्लेझर परत हँगरला लावून खरोखरच निघाली होती आणि दुकानदाराने तिला रस्त्यावरून परत बोलावले. मी आयुष्यात पुष्कळ घासाघीस पाहिली आणि केली आहे, पण त्या दिवशी ती पाहताना मला बरे वाटले. सालदाराला अण्णांच्या कोटाच्या बाह्या लांब आहेत असे म्हणता आले नसते. दिलेल्या वस्तूचे दात मोजायचे नसतात. इथे किंमत होती म्हणून तक्रार करता येत होती, आणि पैसे दिल्यावर त्या कोरियातल्या माणसाचा, किंवा दुकानदाराचा, किंवा माझा त्या ब्लेझरवर काही हक्क उरला नव्हता. अलीकडे गावोगाव ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिलेली दिसते. हेतू चांगला असतो. मीही आमच्याकडच्या भिंतीवर स्वेटर अडकवून आले आहे. पण तिथे कपडे अडकवणारे सकाळी येतात, फोटो काढतात, आणि नेणारे बहुधा अंधार पडल्यावर येतात. त्या पाटी नसलेल्या दुकानात मात्र लोक भर दुपारी, आरशासमोर, हात वर-खाली करून काख कुठे ओढते ते पाहत होते.

तरीही मला सगळेच पटले, असे नाही. अस्तराला टाके घालून होईपर्यंत मी हात मांडीवर घट्ट धरून बसले होते, शेजारच्या फळीला हात लागू नये म्हणून. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत असे ऐकत मी वाढले आहे, आणि त्या हँगरांवरचा कोणता कपडा जिवंत माणसाचा आणि कोणता नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. “धुतलंय की,” भाची म्हणते. तिच्यासाठी तो विषय तिथे संपतो. माझ्यासाठी संपत नाही, आणि संपलाच पाहिजे असा तिचाही आग्रह नाही.

२०१८ मध्ये या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले, तेव्हा जिला लिहिता-वाचता येत नव्हते तिचे नाव विद्यापीठाला, याचे आम्हा सगळ्यांना कौतुक वाटले होते. त्यांची गाणी त्यांच्या मुखातून निघाली आणि मुलगा सोपानदेव यांच्यासारख्या घरच्यांनी ती टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती छापून आली. जळगावच्या चौधरी वाड्यातल्या त्यांच्या घरी त्यांच्या वापरातल्या वस्तू जतन केल्या आहेत. तिथे हात जोडणारे आम्ही लोक हाताळून गुळगुळीत झालेल्या साध्या संसारी वस्तूंपुढे थांबतो, आणि तशीच वस्तू बाजारात विकत घ्यायची झाली तर बिचकतो. भाचीला मी हे बोलून दाखवले, तर ती म्हणाली, “मावशी, संग्रहालयातली वस्तू कोणी वापरत नाही ना, म्हणून तुला चालते.” ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे, नेमके बोलते.

मुलाखतीच्या संध्याकाळी तिचा फोन आला. ब्लेझर तिने सकाळच्या पहिल्या फेरीत घातला, मग शेजारच्या खोलीतल्या मुलीने, आणि दुपारी धडगावकडच्या एका मुलीने, कमरेला आतून पिना लावून. निवड त्या तिसरीची झाली. भाचीची झाली नाही. तिला त्याचे वाईट वाटत होते, पण फोन तिने त्यासाठी केला नव्हता. ड्रायक्लीनिंगचे दीडशे रुपये तिघींनी वाटून भरायचे की निवड झालेलीने एकटीने, यावरून मजल्यावर दोन तट पडले होते, आणि ब्लेझर विकत घेणारीने काहीच देऊ नये असा तिसरा पक्ष तयार झाला होता. माझे मत तिला हवे होते. मी म्हटले, आधी हे ठरवा की आता तो कोणाच्या कपाटात राहणार. तर म्हणाली, ते ठरलेय. फेब्रुवारीत दुसरी कंपनी येतेय, तोवर तो दाराच्या मागे, माझ्याच खोलीत.